२३ ऑक्टोबरची सकाळ

१८४४ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत काही शेतकऱ्यांनी बटाटे काढलेच नाहीत. पीक चांगलं आलं होतं. पण ते काढून, पोत्यांत भरून तळघरात ठेवायचं कोणासाठी? पुढचा हिवाळा येणारच नव्हता. काही दुकानदारांनी दुकानं बंद केली, कोणी माल वाटून टाकला. फिलाडेल्फियातल्या एका शिंप्याने दुकानावर पाटी लावली, की राजांचा राजा येतो आहे, त्याच्या सन्मानार्थ दुकान बंद आहे. लोक जुनी देणी फेडत होते. वर्षानुवर्षं न बोलणारे शेजारी एकमेकांच्या दारात जाऊन क्षमा मागत होते. या सगळ्यांची खात्री होती, की मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४ रोजी येशू ख्रिस्त आकाशातून पृथ्वीवर परत येणार आहे.

तो मंगळवार आला आणि गेला. मध्यरात्रीचे ठोके पडले, मग पहाट झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट गिब्सन गावचा हायरम एडसन हा शेतकरी आपल्या सोबत्यांबरोबर रात्रभर वाट पाहत होता. पुढे लिहिलेल्या आठवणींत तो सांगतो, की दिवस उजाडेपर्यंत ते सगळे रडत राहिले. अमेरिकेच्या धार्मिक इतिहासात या घटनेला ‘ग्रेट डिसअपॉइंटमेंट’ म्हणतात. मराठीत महानिराशा म्हणू या.

हा इतिहास बहुतेक वेळा हसण्यासाठी सांगितला जातो. पांढरे झगे घालून छपरांवर, झाडांवर, टेकड्यांवर चढून बसलेले भाबडे लोक, असं एक चित्र त्या काळच्या वर्तमानपत्रांनी रंगवलं आणि पुढे शंभर वर्षं ते पुस्तकांतून फिरत राहिलं. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल यांनी या झग्यांच्या गोष्टींचा माग काढला, तेव्हा प्रत्येक गोष्ट ‘कोणीतरी सांगितलं’ इथेच येऊन थांबत होती. निकोल स्वतः त्याच परंपरेतले, त्यामुळे त्यांची बाजू कोणती हे उघड होतं. पण नंतरच्या, त्या परंपरेबाहेरच्या इतिहासकारांनीही झग्यांच्या कथेला आधार नसल्याचं मान्य केलं आहे. झगे बाजूला ठेवले, की उरतात ते लोक आपल्यासारखेच दिसतात: शेतकरी, छापखानेवाले, शिक्षिका, जहाजाचा निवृत्त कप्तान. मग हसण्यापेक्षा एक प्रश्न विचारावासा वाटतो. या माणसांनी जी तयारी केली, तिचं २३ ऑक्टोबरच्या सकाळी काय झालं? तिच्यातलं काय वाया गेलं, आणि काय उरलं?

या प्रश्नाला मोठी पूर्वपीठिका आहे. ख्रिस्त परत येणार ही कल्पना एखाद्या आडबाजूच्या पंथाने काढलेली नाही, ती ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यातली आहे. अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांमध्ये ‘माराना था’ हा अरामी शब्दप्रयोग प्रार्थनेसारखा वापरला जाई. अर्थ, ‘हे आमच्या प्रभू, ये’. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी तो ग्रीक मजकुरात तसाच, भाषांतर न करता आला आहे. यावरून तो किती रुळलेला असेल याची कल्पना येते. थेस्सलनीकाच्या मंडळीत तर प्रभू आता येणारच म्हणून काहींनी कामधंदा सोडला होता, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. त्या मंडळीला गेलेल्या दुसऱ्या पत्रात स्पष्ट ताकीद आहे, की जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. म्हणजे वाट पाहणं आणि जगणं यांतला ताण पहिल्या पिढीपासूनच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर येशू स्वतःच सांगतो, की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही. दिवस ठाऊक नाही, तरीही जागे राहा, तयार राहा. ही आज्ञा पाळायला फार अवघड आहे. माणसाला तारीख दिली तर तो वाटेल ते करू शकतो. तारखेशिवाय सदैव तयार राहणं त्याच्या स्वभावात बसत नाही. म्हणूनच पुढच्या अठरा शतकांत दर काही पिढ्यांनी कोणी ना कोणी तारीख शोधत राहिला.

विल्यम मिलर त्यांपैकी सर्वांत शांत आणि सर्वांत पद्धतशीर म्हणावा लागेल. जन्म १७८२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्पटन या खेड्यात. शाळा थोडीच, पण वाचनाचं वेड. तरुणपणी व्हॉल्टेअर, ह्यूम, टॉमस पेन वाचून तो घरच्या बाप्टिस्ट श्रद्धेपासून दूर गेला. जग निर्माण करून देव बाजूला झाला, माणसांच्या व्यवहारात तो ढवळाढवळ करत नाही, असं मानणाऱ्यांपैकी एक झाला. १८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात तो सैन्यात कप्तान होता. सप्टेंबर १८१४ मध्ये प्लॅट्सबर्गच्या लढाईत संख्येने कितीतरी मोठ्या ब्रिटिश फौजेला माघार घ्यावी लागली, तेव्हा यामागे कोणाचा तरी हात असला पाहिजे या विचाराने त्याच्या मनात घर केलं. युद्धाने मृत्यूही जवळून दाखवला होता. १८१६ मध्ये तो पुन्हा श्रद्धेकडे वळला. जुन्या मित्रांनी साहजिकच टोमणे मारले, की बायबलातल्या विसंगतींचं काय करणार? मिलरने ठरवलं, एकेक वचन घेऊन, समजल्याशिवाय पुढे जायचं नाही. हाताशी बायबल आणि क्रूडेनची शब्दसूची, एवढंच. असा दोन वर्षं अभ्यास करून १८१८ मध्ये तो ज्या निष्कर्षाला पोचला, त्याने तो स्वतःच हादरला. सुमारे पंचवीस वर्षांत जगाचा शेवट होणार होता.

त्याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात गूढ असं काही नाही. दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असं म्हटलं आहे. भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष, हा त्या काळच्या प्रॉटेस्टंट भाष्यकारांमध्ये रूढ असलेला संकेत. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताच्या आगमनाचा अग्नी, हा मिलरचा अर्थ. मोजायला सुरुवात कुठून करायची? पारसिक सम्राट अर्तहशश्त याने यरुशलेमच्या पुनर्बांधणीचं फर्मान काढलं तिथून, म्हणजे इ. स. पू. ४५७ पासून. २३०० मधून ४५७ वजा केले की उरतात १८४३. एखाद्या पाटलाने गावच्या जमाखर्चाची वही तपासावी तसा हा शेतकरी काळाची वही तपासत होता. प्रत्येक पायरी तर्काला धरून, मात्र पहिलं गृहीतक मान्य असेल तर. बुद्धिवादाकडून श्रद्धेकडे येताना त्याने बुद्धिवादाची रीत सोडली नव्हती, ती बायबलाला लावली होती.

एवढा निष्कर्ष हाती येऊनही मिलर बारातेरा वर्षं जाहीरपणे बोलला नाही. पुन्हा पुन्हा तपासत राहिला. जगाला सांग, असं आतून कोणी म्हणत होतं आणि तो टाळत होता. अखेर १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्याने देवाशी सौदा केला, की कोणी आपणहून बोलावलं तर जाईन. त्याच्याच आठवणीप्रमाणे अर्ध्या तासात त्याचा भाचा शेजारच्या गावाहून घोड्यावर निरोप घेऊन आला: आमच्या मंडळीत येऊन बोला. मिलर रागारागाने घराबाहेर पडला, जवळच्या झाडीत जाऊन प्रार्थना करत बसला, आणि शेवटी निघाला. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता.

पुढची काही वर्षं तो खेड्यापाड्यांतून बोलत राहिला. त्याच्या शब्दाला वादळाचं रूप आलं ते बोस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स १८३९ मध्ये त्याला भेटल्यावर. हाइम्स गुलामगिरीविरोधी चळवळीतला, सभा भरवणं आणि पत्रकं छापणं यांत मुरलेला. त्याने १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हे पत्र सुरू केलं, १८४२ मध्ये न्यूयॉर्कहून ‘मिडनाइट क्राय’. हजारो माणसं बसतील असा प्रचंड तंबू शिवून घेतला, आणि तो आगगाडीने गावोगाव फिरू लागला. चार्ल्स फिच आणि अपोलोस हेल यांनी दानीएलाच्या पुस्तकातले पशू आणि आकडे दाखवणारा रंगीत तक्ता काढला. व्याख्याते तो टांगून छडीने दाखवत. नवे छापखाने, कालवे, आगगाड्या, १८३७ च्या आर्थिक मंदीने पोळलेली कुटुंबं, गावोगावच्या धर्मजागृतीच्या सभा, या सगळ्यांनी त्या विचाराला वाट करून दिली. १८३३ च्या नोव्हेंबरात उल्कांचा पाऊस पडला होता, १८४३ च्या मार्चमध्ये दिवसाढवळ्या दिसणारा धूमकेतू आला. आकाशसुद्धा साक्ष देतंय असं वाटावं असे ते दिवस होते. अनुयायांची नेमकी मोजदाद कोणी केली नाही. मिलरचा स्वतःचा अंदाज पन्नास हजारांचा होता. हे वारं अमेरिकेपुरतंही नव्हतं. त्याच सुमारास जोसेफ वोल्फ हा ज्यू कुटुंबात जन्मलेला मिशनरी मध्य आशियातून हिंदुस्थानात आला होता, आणि ख्रिस्त १८४७ मध्ये येणार असं त्याचं गणित होतं.

मिलरने नेमका दिवस कधी सांगितला नव्हता. फार आग्रह झाल्यावर त्याने एवढंच म्हटलं, की २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षात कधीही. ते वर्ष सरलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की इ. स. पू. १ नंतर एकदम इ. स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणजे हिशोबात एक वर्ष कमी धरलं गेलं होतं! शून्य विसरल्यामुळे जगाला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, असं आपण इथे बसून म्हणू शकतो. ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या शिबिरात सॅम्युएल स्नो याने पुढची कडी जोडली. पवित्रस्थानाची शुद्धी होते ती ज्यूंच्या सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी. कराईट ज्यूंच्या कालगणनेनुसार त्या वर्षी तो २२ ऑक्टोबरला येत होता. जे वर्षभर लांबलेल्या प्रतीक्षेने थकले होते त्यांच्यात ही तारीख वणव्यासारखी पसरली. मिलर आणि हाइम्स हे दोघे मात्र मागे होते. मिलरने ती तारीख मान्य केली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, जेमतेम पंधरा दिवस आधी. चळवळ तिच्या संस्थापकाला ओढून नेत होती.

त्या पंधरा दिवसांतली तयारी नीट पाहिली तर तिच्यात दोन प्रकार दिसतात. एक प्रकार बटाट्यांचा: पीक सोडून देणं, दुकान बंद करणं, मुलांना शाळेतून काढणं, नोकरीचा राजीनामा. ही तयारी तारीख खरी ठरली तरच अर्थपूर्ण. दुसरा प्रकार देण्यांचा: उधारी फेडणं, लबाडीने घेतलेलं परत करणं, भांडण मिटवणं, गरजूंना वाटणं. ज्यांना देणी फेडणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी इतर बांधवांनी पैसे पुढे केले. ही तयारी तारीख खोटी ठरली तरीही वाया जात नाही. फेडलेलं कर्ज २३ ऑक्टोबरलाही फेडलेलंच राहतं. त्या दिवसांत दोन्ही प्रकार एकाच श्रद्धेतून, अनेकदा एकाच माणसाच्या हातून होत होते, आणि त्याला त्यांच्यात काही फरक जाणवत नव्हता. फरक दाखवून दिला तो पुढच्या सकाळने.

सगळ्यांत चटका लावणारी गोष्ट चार्ल्स फिचची आहे. तक्ता काढणारा हा पाळक ऑक्टोबरमध्ये बफेलो इथे होता. शेवटच्या दिवसांत बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची रीघ लागली होती. थंड वाऱ्यात, गार पाण्यात उभं राहून तो एकामागून एक तुकड्यांना बाप्तिस्मा देत राहिला. त्याला ताप भरला आणि १४ ऑक्टोबरला, चाळिशीही ओलांडली नसताना, तो वारला. त्याच्या बायकामुलांनी ते दुःख विलक्षण शांतपणे सोसलं, कारण त्यांना आठच दिवस कळ काढायची होती. नवव्या दिवशी सकाळी त्या घरात काय झालं असेल, याचा विचार केला की झग्यांच्या विनोदावर हसू येत नाही.

दुसरी एक बाई याच काळात या शिबिरांमधून गेली. सोजर्नर ट्रूथ, जन्माने गुलाम, पुढे गुलामगिरीविरुद्ध देशभर बोलत फिरलेली. १८४३ मध्ये ती नुकतीच नवं नाव धारण करून पायी प्रवासाला निघाली होती. लिहितावाचता न येणाऱ्या या बाईने पुढे आपली कहाणी सांगून लिहवून घेतली, तीत अशा एका सभेचा प्रसंग आहे. लोक भयाने आणि उत्साहाने आरडाओरडा करत होते. तिने त्यांना शांत व्हायला सांगितलं आणि विचारलं, की तुम्ही एवढ्या घाईने कुठे निघालात? प्रभू आग घेऊन येणार असेल तर येऊ दे. मी कुठे जाणार नाही, इथेच त्या आगीत उभी राहीन, दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघे भट्टीत उभे राहिले तशी. ज्या बाईने मालकाच्या घरातली आग आधीच सोसली होती तिची तयारी वेगळ्या जातीची होती. जग जळून आपण वर उचलले जाऊ या आशेपेक्षा जळत्या जगात पाय रोवून उभं राहण्याचं बळ तिला महत्त्वाचं वाटत होतं.

२३ ऑक्टोबरनंतर टिंगल सुरू झाली. ‘अजून गेला नाहीत का वर?’ हा प्रश्न वर्षभर पाठ सोडेना. काही ठिकाणी जमावाने सभागृहांची मोडतोड केली. मिलरला १८४५ च्या सुरुवातीला त्याच्याच गावच्या बाप्टिस्ट मंडळीने बाहेर काढलं. हिशोबात चूक झाली हे त्याने उघडपणे मान्य केलं, पुन्हा तारीख सांगितली नाही, आणि तरीही ख्रिस्त येणार ही आशा सोडली नाही. नोव्हेंबर १८४४ मधल्या एका पत्रात त्याने लिहिलं, की आता माझी नवी तारीख ठरली आहे: आज. तो येईपर्यंत रोजच आज. आयुष्यभर आकडे जुळवलेल्या माणसाने आकडा टाकून दिल्यावर त्याला हा शब्द सापडला. मला वाटतं, त्याच्या अभ्यासातून त्याला मिळालेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असावी. शेवटच्या वर्षांत त्याची दृष्टी गेली. २० डिसेंबर १८४९ रोजी तो वारला. त्याच्या घराशेजारी १८४८ मध्ये बांधलेलं छोटं प्रार्थनाघर आजही उभं आहे. जगाच्या शेवटाची वाट पाहणाऱ्याने टिकाऊ इमारत बांधावी, यात विसंगती शोधता येईल. ‘आज’ या तारखेशी मात्र ती सुसंगत आहे.

बाकीच्यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. पुष्कळजण जुन्या चर्चमध्ये परतले. काहींची श्रद्धाच गेली. दोनेकशे माणसं शेकर पंथाच्या वसाहतींत गेली. स्नोने स्वतःला संदेष्टा एलीया घोषित केलं. आणि एका गटाने भयंकर भूमिका घेतली: तारीख बरोबरच होती, दार बंद झालं.

हे दार आलं दहा कुमारींच्या दाखल्यातून. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला हा दाखला मिलरच्या अनुयायांना पाठ होता. ‘मध्यरात्रीची हाक’ हे नाव तिथूनच घेतलेलं. दहा कुमारी वराची वाट पाहत असतात. पाच शहाण्यांनी दिव्यांबरोबर जादा तेल घेतलेलं असतं, पाच मूर्खांनी नाही. वराला उशीर होतो. मध्यरात्री हाक येते, तेल आणायला गेलेल्या पाच मागे राहतात आणि दार बंद होतं. लांबलेलं वर्ष म्हणजे वराचा उशीर, ऑक्टोबरची तारीख म्हणजे हाक, असा अर्थ लावल्यावर पुढची पायरी अटळ होती. २२ ऑक्टोबरला स्वर्गातलं दयेचं दार मिटलं. जे बाहेर राहिले ते कायमचे. एडसन आणि त्याच्या सोबत्यांनी याला जोड दिली, की पवित्रस्थान पृथ्वीवरचं नव्हेच, ते स्वर्गातलं. त्या दिवशी ख्रिस्त तिथल्या अतिपवित्रस्थानात गेला. अशा अर्थाने तारीख वाचली. पण दार बंद मानलं तर जगाला सांगण्यासारखं काही उरलं नाही, कोणाला हाताला धरून आत आणायचं उरलं नाही. आपण तयार होतो, एवढ्या समाधानावर बाकीच्या जगाकडे पाठ फिरवता येत होती. मूठभर माणसांचा हा गट त्याच भूमिकेवर राहिला असता, तर आज त्याचं नाव तळटीपेतही आलं नसतं.

दार उघडलं ते एखाद्या ठरावाने नाही. १८५० च्या आसपास नवी माणसं येऊ लागली. १८४४ चा अनुभव नसलेली किंवा तेव्हा लहान असलेली. समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुझ्यासाठी दार बंद’ असं सांगणं सिद्धांताच्या पुस्तकात सोपं, तोंडावर अवघड. या गटाचे नेते होते मेन राज्यातली एलन हार्मन, महानिराशेच्या वेळी सोळा वर्षांची आणि त्याच डिसेंबरपासून दर्शनं सांगू लागलेली. तिचा नवरा जेम्स व्हाइट. आणि जोसेफ बेट्स, हा जहाजाचा निवृत्त कप्तान, ज्याची सगळी कमाई चळवळीत संपली होती. जेम्स व्हाइटची गंमत अशी, की १८४५ मध्ये एका श्रद्धावान जोडप्याने लग्न ठरवलं तेव्हा त्याने ते सैतानाचं जाळं ठरवलं होतं. प्रभू दारात असताना लग्न कसलं करता? पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८४६ मध्ये, त्याने एलनशी लग्न केलं. मुलं झाली. पत्रिका निघाली. पत्रिकेसाठी छापखाना आला, आणि छापखाना कोणाच्या नावावर करायचा हा प्रश्न १८६० मध्ये उभा राहिला. जग संपायची वाट पाहणाऱ्यांना कायद्यापुढे नाव नोंदवावं लागलं. २१ मे १८६३ रोजी मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. सभासद सुमारे साडेतीन हजार. तीन वर्षांनी त्यांनी आरोग्यधाम काढलं, १८७४ मध्ये कॉलेज. त्या आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरातूनच पुढे जॉन हार्वी केलॉगचे कुरकुरीत धान्याचे पापुद्रे निघाले, जे आज आपल्याकडच्या किराणा दुकानांतही खोक्यांत मिळतात.

पुण्यात राहणाऱ्यांना या परंपरेचा पत्ता, नकळत का होईना, ठाऊक असतो. साल्सबरी पार्कातून निघणारं ‘हेराल्ड ऑफ हेल्थ’ हे आरोग्यविषयक मासिक, तिथला ओरिएंटल वॉचमन छापखाना, आणि गणेशखिंडीच्या बाजूचं, शनिवारी शांत असणारं स्पायसर कॉलेज, ही सगळी त्याच चर्चची. १९१५ मध्ये दक्षिणेत सुरू झालेली ही शिक्षणसंस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते विल्यम स्पायसर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात राहून नियतकालिक चालवत होते. एका शेतकऱ्याच्या चुकलेल्या वजाबाकीपासून पुण्यातल्या वर्गखोल्यांपर्यंतचा हा प्रवास विचित्र खरा. त्याकडे पाहून, बघा, वाट पाहणं संपलं आणि संस्था उरली, असं म्हणण्याचा मोह होतो. तो पूर्ण खरा नाही. या चर्चच्या नावातच ‘आगमन’ आहे, आणि ते लोक आजही वाट पाहतात. बदललं ते वाट पाहण्याचं रूप. दवाखाना काढणारा माणूस दरवर्षी बटाटे काढतो.

बटाट्यांवरून एक आठवलं. अॅडव्हेंटिस्ट परंपरेत न्यू हॅम्पशायरमधल्या न्यू इप्सविचच्या लिओनार्ड हेस्टिंग्जची गोष्ट सांगतात. त्यानेही श्रद्धेची साक्ष म्हणून बटाटे जमिनीत ठेवले होते. त्या वर्षी बटाट्यांवर कूज पडली, वेळेवर काढलेलं शेजाऱ्यांचं पीक तळघरांत सडलं, आणि नोव्हेंबरात काढलेलं हेस्टिंग्जचं चांगलं निघून वर भावही मिळाला. श्रद्धावानांना यात देवाची कृपा दिसते. मला त्यातली एक साधी गोष्ट आवडते: नोव्हेंबरात त्याने फावडं उचललं. तारीख चुकली, अपमान झाला, आणि तरी एका सकाळी तो शेतात गेला.

त्या सगळ्यांना पाठ असलेला मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा उघडला, तर दोन गोष्टी नजरेत भरतात. पहिली म्हणजे दहाच्या दहा कुमारी झोपी जातात. शहाण्याही. रात्रभर टक लावून बसण्याबद्दल कोणालाच गुण मिळालेले नाहीत. फरक पडतो तो आधी भरून ठेवलेल्या तेलाने. दुसरी गोष्ट, तो अध्याय तिथे संपत नाही. पुढे मालकाने परदेशी जाताना नोकरांकडे सोपवलेल्या पैशांचा दाखला आहे. मालक नसताना ज्यांनी काम चालू ठेवलं त्यांना शाबासकी मिळते, आणि घाबरून पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्याला बोलणी बसतात. त्यानंतर शेवटच्या न्यायाचं चित्र येतं, आणि तिथे कोणालाही तारखेबद्दल विचारलं जात नाही. भुकेल्याला खाऊ घातलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याकडे आणि बंदिवानाकडे गेलात का, एवढाच हिशोब. गंमत म्हणजे जे उत्तीर्ण होतात ते गोंधळून विचारतात, की प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? आपण तयार होतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

मिलरच्या अनुयायांनी त्या अध्यायाचा पहिला भाग इतक्यांदा वाचला, की पुढचे दोन भाग २२ ऑक्टोबरपर्यंत मागेच राहिले. तरी त्या आठवड्यांत उधारी फेडणारे, रुसलेल्या शेजाऱ्याच्या दारात जाणारे, दुसऱ्याचं कर्ज चुकवायला पैसे देणारे लोक, न वाचताच, तिसऱ्या भागात पोचले होते. त्यांना वाटत होतं, हे सगळं आपण मंगळवारसाठी करतो आहोत. प्रत्यक्षात त्याचा उपयोग बुधवारी झाला.